बियर जळकी लागते, म्हणजे नेमकी कशी?



मी बंगळुरूत एका ब्रूपबमध्ये बियर बनवते. मूळची सांगलीची. आज बोलायचंय ते घरी केलेल्या बियरला जळका वास आणि जळकी चव आली तर दोष शोधायचा कसा, याबद्दल. विषय लहान वाटेल, पण वीस लिटर बियर, पूर्ण दिवसाची मेहनत आणि तीन-चार आठवड्यांची वाट त्यात अडकलेली असते. आणि कारण चुकीचं ठरवलं की पुढचा घाणाही तसाच निघतो. आमच्या धंद्यात सगळे ‘बॅच’ म्हणतात, मी घाणा म्हणते. एका वेळी जेवढं काढलं तेवढा घाणा, चकल्यांचा असो की बियरचा.

आधी कायद्याचं सांगते. मद्य हा आपल्याकडे राज्यांच्या यादीतला विषय आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बियर करणं हा गुन्हा आहे. इतर राज्यांचे नियम आपापले. काही ठिकाणी आदिवासी समाजांना त्यांच्या पारंपरिक घरगुती पेयांसाठी सूट आहे. मी परवानाधारक ठिकाणी काम करते. आज जी गोष्ट सांगणार आहे ती मँचेस्टरमधली, माझ्या मावसभावाची. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बियर करायला परवाना लागायचा. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो काढून टाकला. तेव्हापासून तिथे स्वतःपुरती बियर करायला कोणाला विचारावं लागत नाही, फक्त विकायची नाही. त्यामुळे तिथे हा गच्चीवरच्या बागेसारखा छंद झालाय.

तर मावसभावाचा फोन. “ताई, बियर बर्न्ट लागतेय.”

मी विचारलं, बर्न्ट म्हणजे कशी?

“बर्न्ट म्हणजे बर्न्ट. जळकी.”

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. जळकी ही एक चव नाहीच. बियरमध्ये ज्याला लोक जळकं म्हणतात ते निदान पाच वेगवेगळ्या कारणांनी येतं, आणि त्यांतलं एखादंच वाट पाहून बरं होतं. बाकीच्यांना वेगवेगळी औषधं, आणि एकाला औषधच नाही. म्हणून मी यंत्र, तापमान, कृती यांपैकी काहीच आधी विचारत नाही. आधी शब्द विचारते.

आणि शब्दांच्या बाबतीत आपलं स्वयंपाकघर फार श्रीमंत आहे. दाण्याचं कूट खमंग असतं, भाकरी खरपूस असते, आणि तव्यावर दोन मिनिटं जास्त राहिली की करपते. दूध बुडाला ‘लागतं’. चुलीवरचं वांगं धुरकट होतं, ते आपल्याला आवडतं. पण आमटीला धूर लागला तर आवडत नाही. फोडणी जळली की मोहरी कडू होते, लसूण जळला की त्याहून वाईट. हे सगळं जळणंच, पण आपली आजी डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगायची की दूध लागलंय का फोडणी जळलीय. दोष शोधण्याचं काम हेच आहे. म्हणून मी त्याला म्हटलं, इंग्रजी सोड. घरातलं काय आठवतं ते सांग.

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, “आईकडून एकदा तांदळाची खीर बुडाला लागली होती. तिने तशीच वाढली. वरून छान दिसत होती, पण घास गिळल्यावर मागून राख. तसं.”

मला निम्मं उत्तर तिथेच मिळालं. पण निम्म्या उत्तरावर वीस लिटर ओतून द्यायला सांगता येत नाही. त्यातून वेळ कमी होता. काका-मावशी मँचेस्टरला येणार होते, काकांची साठी तिथेच करायची होती, आणि त्या दिवसासाठी ही बियर होती. हातात पाच आठवडे. गव्हाची बियर आंबायला दोन आठवडे, बाटलीत गॅस धरायला दोन. म्हणजे नवा घाणा टाकायचा तर आठवड्याभरात टाकायला हवा. वाट पाहून बरी होणारी असेल तर नवीन करायची गरज नाही. न होणारी असेल तर वाट पाहण्यात आठवडा गेला की सगळंच गेलं.

आता उरलेली कारणं कशी बाद केली ते सांगते.

पहिला संशय नेहमी काळ्या माल्टवर जातो. स्टाउट, पोर्टर या काळ्या बियरमध्ये कॉफीसारखं भाजलेलं धान्य घालतात. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हे काळं माल्ट आहे. दोनशे अंशांच्या वर भाजतात, आणखी थोडं पुढे गेलं की कोळसाच. एकूण धान्याच्या पाच-सात टक्के घातलं तर कॉफी, कोको. पंधरा टक्के घातलं तर ॲशट्रे. त्यात पाण्याची भानगड आहे. काळं माल्ट आम्लधर्मी असतं. डब्लिनचं पाणी बायकार्बोनेटवालं, ते या आम्लाला सांभाळून घेतं, म्हणून तिथे स्टाउट नांदला. मँचेस्टरला पाणी येतं लेक डिस्ट्रिक्टच्या तलावांतून, अगदी मऊ. मऊ पाण्यात काळं माल्ट जास्त घातलं की पीएच खाली जातो आणि चव टोचायला लागते. मावसभावाने याआधी पोर्टर केली होती, तीही जळकी लागली होती, आणि त्याने निष्कर्ष काढला होता की काळं माल्ट जास्त झालं. म्हणून या वेळी त्याने काळ्याचा दाणाही न घालता गव्हाची फिकट बियर केली. ती आधीपेक्षा जास्त जळकी निघाली.

हा फार चांगला पुरावा आहे. काळं माल्ट शून्य आणि जळकेपणा वाढलेला, म्हणजे माल्ट सुटलं. उलट असं दिसतं की पोर्टरमध्येही तोच दोष होता, फक्त काळ्या रंगाच्या आणि कॉफीच्या चवीच्या आड लपला होता. काळ्या साडीवरचा तेलाचा डाग.

ज्यांना माल्टचाच संशय आहे त्यांनी बियर करण्याआधी त्याचा चहा करून बघावा. पन्नास ग्रॅम माल्ट दळा, थर्मासमध्ये ६५ अंशांच्या चारशे मिलिलिटर पाण्यात टाका, हलवा, पंधरा मिनिटांनी कॉफीच्या कागदातून गाळून प्या. काळं माल्ट असेल तर थोडंच घ्या आणि बाकी साधं माल्ट. माल्टचा दोष असेल तर तो चहात दिसेलच. दहा रुपयांत उत्तर मिळतं, आणि लोक ते करत नाहीत याचं मला कायम आश्चर्य वाटतं.

दुसरं, धूर. जर्मनीत बाम्बर्गला बीचच्या लाकडाच्या धुरावर माल्ट वाळवतात आणि त्याची बियर मुद्दाम धुरकट असते. पहिला घोट घेतला की वाटतं कोणीतरी होळीत ग्लास धरला होता. आपल्याकडे आसामात मिसिंग लोकांची पोरो आपोंग आहे. भाताचा तूस आणि पेंढा जाळून त्याची काळी राख शिजलेल्या भातात कालवतात आणि मग आंबवतात. म्हणजे राख हा तिथे पदार्थाचा घटक आहे. हे सांगायचं कारण, धूर आणि राख हे आपोआप दोष ठरत नाहीत. ते कुठून आले हे माहीत नसेल तर दोष. मावसभावाने धुरकट माल्ट घेतलं नव्हतं. काही यीस्टही लवंगेसारखा, किंचित धुरकट वास देतात, गव्हाच्या बियरला तर तो हवाच असतो. पण लवंग आणि लागलेली खीर यांत कोणी गल्लत करणार नाही. पुढे.

तिसरं पाणी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जुळलं की क्लोरोफिनॉल तयार होतं. त्याला इस्पितळाचा, चिकटपट्टीचा वास येतो, आणि पुष्कळ लोक त्यालाच ‘जळलेलं प्लॅस्टिक’ म्हणतात. इतकं थोडं पुरतं की मोजायला प्रयोगशाळा लागेल, पण नाकाला लगेच कळतं. भांडी ब्लीचने धुऊन नीट विसळली नाहीत तरी हेच होतं. उपाय सोपा: पाण्यात मेटाबायसल्फाइटची म्हणजे कॅम्पडेनची गोळी. एक गोळी साधारण पंचाहत्तर लिटरला पुरते, म्हणजे पंचवीस लिटरला तिसरा हिस्सा. क्लोरीन उकळून जातं. पाणीपुरवठ्यात क्लोरामिन असेल तर ते सहजी जात नाही, तिथे गोळीच. मी विचारलं, प्लॅस्टिक आठवतं का, बँडेज? नाही म्हणाला. शिवाय तो गोळी घालतच होता.

चौथं, काडेपेटी. काडी ओढल्यावर जो झणका येतो तो गंधकाचा. काही यीस्ट, विशेषतः लागरचे, आंबताना असे गंधकी वास सोडतात. हा एकच प्रकार असा की वाट पाहणं हेच औषध. थंड ठेवा, दोन-तीन आठवड्यांत बराचसा उडून जातो. म्हणून मी त्याला मुद्दाम तीनदा विचारलं, काडेपेटी का राख? कारण काडेपेटी असती तर मी सांगितलं असतं, झोप शांत, साठीपर्यंत होईल नीट. तो म्हणाला, राख. जळलेलं रबर आणि सोया सॉससारखा वास असेल तर यीस्ट मरून फुटलेले असतात, पण दोन आठवड्यांच्या ताज्या बियरला ते सहसा होत नाही. तेही सोडलं.

राहिलं काय? बुडाला लागणं. इथे मात्र थोडं थांबू, कारण घरी बियर करणाऱ्यांत ज्याच्या-त्याच्या घरी हे होतं आणि जो-तो माल्टला दोष देतो.

बियर करताना दळलेलं माल्ट ६५-६६ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवतात. स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी म्हणजे वॉर्ट. ते गाळून घेऊन हॉप्सबरोबर तासभर उकळतात. मावसभावाकडे सगळं एकाच भांड्यात करण्याचं विजेचं यंत्र आहे: तीस लिटरचं स्टीलचं भांडं, तळाखाली अडीच हजार वॅटचा हीटर, आत जाळीची बादली, बादलीत धान्य. नंतर बादली वर उचलायची की खाली वॉर्ट. छान सोय आहे. पण धान्य बारीक दळलं असेल तर त्याचं पीठ जाळीतून खाली जातं आणि तळाशी बसतं. गव्हाला टरफल नसतं, प्रथिनं जास्त, त्यामुळे त्याचं पीठ जास्त चिकट. कणीक आणि पाणी कढईत ठेवून खाली मोठा गॅस लावल्यासारखं.

नुसतं पाणी असतं तेव्हा धातूची उष्णता पाणी लगेच उचलून नेतं, धातू शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पिठाचा थर बसला की तो गोधडीसारखं काम करतो. वर पाणी सत्तर अंशांवर निवांत, आणि गोधडीखाली धातू तापत तापत जातो, थर आधी तपकिरी, मग काळा. थर्मामीटर वर आहे, त्याला काही पत्ता नाही. थर जळला की त्यातून गुआयाकोलसारखी धुरकट संयुगं पाण्यात उतरतात. ती उकळून पुरेशी जात नाहीत, यीस्ट खात नाही, आणि बाटलीत जिरतही नाहीत.

दूध तापवणाऱ्या कोणालाही हे सगळं माहीत आहे. म्हणूनच आधी भांडं पाण्याने विसळतात, म्हणूनच बासुंदी आटवताना उलथनं तळाला टेकवून फिरवतात. आणि लागलेलं दूध कोणी खरवडत नाही. वरचं वर हळूच दुसऱ्या पातेल्यात ओततात. उकळताना वास आला तर वॉर्टचंही तेच करायचं. हीटर बंद, ढवळायचं नाही, वरचं दुसऱ्या भांड्यात, लगेच चव. वाचलं तर वाचलं.

मी त्याला दोन प्रश्न विचारले. एक, तळ धुवायला किती वेळ लागला? “अगं, दोन तास घासत होतो. कडेला तपकिरी डाग अजून आहेत.” दोन, मध्ये हीटर बंद पडला होता का? “हो, खटकन् बंद झाला. खालचं बटण दाबलं की चालू.” ते बटण म्हणजे तळ प्रमाणाबाहेर तापला तर वीज तोडणारी कळ. भांडं बिनपाण्याचं राहिलं तर असावी म्हणून बसवलेली. भांड्यात सव्वीस लिटर वॉर्ट असताना ती पडली, याचा अर्थ तळ आणि वॉर्ट यांच्यामध्ये काहीतरी होतं. यंत्र ओरडून सांगत होतं, आणि माहितीपत्रकात फक्त ‘बटण दाबून पुन्हा चालू करा’ एवढंच. हे मला पटत नाही. ती कळ पडली तर आधी तळ बघा, असं एक वाक्य छापायला काय हरकत होती?

कडेचे तपकिरी डागही महत्त्वाचे. पोर्टरच्या वेळी लागलेला थर पूर्ण निघाला नव्हता. नव्या पिठाला खडबडीत जागा आयतीच मिळाली. म्हणून दुसरा घाणा पहिल्याहून वाईट.

मग काय केलं. तळावर सोडियम परकार्बोनेट टाकलेलं गरम पाणी रात्रभर, सकाळी मऊ घासणी, मग सायट्रिक आम्लाने धुणं. बोट फिरवून गुळगुळीत लागेपर्यंत. तारेची घासणी नाही, ओरखड्यात पुढचं पीठ अडकतं. त्यानंतर नुसतं पाणी अर्धा तास उकळून, गार करून प्यायचं. पाणी स्वच्छ लागलं, म्हणजे भांडं सुटलं.

नवीन घाण्याला दळण जाडसर. भिजवताना पंप हळू, कारण जोरात फिरवला की पीठ खाली ओढलं जातं. बादली उचलल्यावर सगळं वॉर्ट एका बादलीत काढून घ्यायचं, तळाचं पीठ कापडाने पुसायचं, आणि मग वॉर्ट परत. हे कंटाळवाणं आहे, पण दहा मिनिटांचं काम. मग हीटर अर्ध्या शक्तीवर, लाकडी उलथनं तळाला लावून दर दोन-तीन मिनिटांनी एक फेरा. एकदा जोराची उकळी फुटली की वॉर्ट स्वतःच फिरतं, तेव्हा धोका कमी. गॅसवर माल्टचा पाक वापरून करणाऱ्यांना तर एकच सांगणं: पाक ओतताना गॅस बंद. तो मधासारखा थेट तळाशी जाऊन बसतो. विरघळला की मग गॅस.

शास्त्रीयदृष्ट्या हे बरोबर नाही, हे कबूल. चार गोष्टी एकदम बदलल्या की कोणत्या गोष्टीने फरक पडला ते कळत नाही. कामावर मी एका वेळी एकच बदलते. पण पाच आठवड्यांवर साठी असताना प्रयोगाची शिस्त कोण पाळणार? एक गोष्ट मात्र पाळायला लावली: बादली उचलल्यावर, उकळल्यावर आणि आंबल्यावर, अशा तीन वेळा वाटीभर बाजूला काढून चाखायचं आणि लिहून ठेवायचं. आधी हे केलं असतं तर निदान अर्ध्या तासात झालं असतं, कारण उकळल्यावरच्या वाटीत राख असती आणि त्याच्या आधीच्या वाटीत नसती.

तिन्ही वाट्या स्वच्छ निघाल्या. तळावर पातळ पांढरट साय, हाताने निघणारी. कळ पडली नाही. बियर साठीला वेळेवर पोचली. काकांना तशी बियर फारशी आवडत नाही, पण दोन ग्लास घेतले.

जुन्या वीस लिटरचं काय, हे त्याने बरेच दिवस विचारलं. थोडी चांगल्या बियरमध्ये मिसळून पाहिली; चांगलीही बिघडली. संत्र्याची साल घालून पाहिली. संत्रं आणि राख. मी सांगितलं, ओत, पण दोन बाटल्या ठेव आणि झाकणावर तारीख लिही. तीन महिन्यांनी त्याने एक उघडली. बुडबुडे छान, रंग छान, गिळल्यावर मागून तीच खीर. दुसरी बाटली त्याने ठेवून दिलीय. बियर करायला नवीन शिकणारा कोणी घरी आला की त्याला घोटभर देतो, जळकं म्हणजे हे, म्हणून.

पुढच्या वेळी पाण्याबद्दल बोलू, क्षार आणि पीएच जरा सविस्तर.